न धुतलेला माठ

मी एक जुना माठ आहे, मित्रांनो, आणि आता फार दमलो आहे. माझं बूड एका सिमेंटच्या नळीत रुतलं आहे आणि तोंड बोडीकडे आहे. बोडी म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातलं लहानसं गावतळं. माझ्या पाठीशी आंबट, कुजकं पाणी रात्रंदिवस ढुशा देतं. माझ्या तोंडासमोर शिंगाड्याची पानं पाण्यावर डुलतात. मधे मी. माठाने पाणी पोटात धरायचं असतं. माझ्या वाट्याला ते पाठीवर धरायचं आलं.

साकोलीहून एकोडीकडे जाताना आडवाटेला आमचं गाव लागतं. याच बोडीचा गाळ धनीराम कुंभाराने उन्हाळ्यात उकरला, पायांनी तुडवला आणि चाकावर चढवला. थापीने थापटून थापटून त्याने मला पोट दिलं. मोठं पोट, आखूड मान. मग भट्टीत घातलं. त्या दिवशी वारा एकाच बाजूने सुटला होता, म्हणून माझं एक अंग लाल भाजलं आणि दुसरं काळं राहिलं.

धनीरामने मला राखेतून काढलं, बोटाच्या पेराने वाजवलं आणि म्हणाला, "एका अंगानं काळा राह्यला लेकाचा. पण आवाज पाह्य, मंदिरातल्या घंटीवानी!"

तेवढंच माझं पहिलं कौतुक. अजून जपून ठेवलं आहे.

मी गावच्या शाळेच्या पडवीत बसलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. उन्हातून पळत आलेली पोरं माझ्यापाशी थांबत, पत्र्याच्या मगाने पाणी घेत, अर्धं पीत, अर्धं माझ्याच अंगावर सांडत. मी झिरपत असे. माझं अंग झिरपतं म्हणून माझं पाणी गार असे. ज्याला आतलं थोडं बाहेर देता येतं तोच गारवा देतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता मान हलवता येत नाही, तेव्हा अशा गोष्टी आठवत बसतो.

मग एका उन्हाळ्यात माझ्या बुडाला केसाएवढी चीर गेली. पडवी ओली होऊ लागली. नवा माठ आला, लालभडक, एकाही डागाचा नाही. मला शाळेमागे मोहाच्या झाडाखाली ठेवलं गेलं. मोहफुलं टपटप माझ्या पोटात पडत आणि तिथेच सडत. पावसाचं पाणी साचे आणि चिरेतून हळूहळू निघून जाई. एक पाल माझ्या मानेखाली राहू लागली. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मित्रांनो, फुटलेल्या भांड्याचं दुःख एका आवाजात संपतं. चिरलेल्या भांड्याला ते रोज थेंब थेंब गाळावं लागतं.

अशी किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत.

मग गावात मिल आली. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान मोठमोठ्या हौदांत भिजत घालायचं, मग वाफवायचं, मग वाळवून कांडायचं, असं तिथलं काम. गोपीचंद शेठची ती मिल. गावातल्या कितीतरी घरांना तिथे काम मिळालं, हे खरं. पण धान भिजवलेलं ते पाणी आंबायचं, आणि त्याचा वास असा की भाताचा घास तोंडात फिरावा. शेठने मिलपासून बोडीपर्यंत सिमेंटची नळी टाकली. नळीला एक झाकण. ते बंद असेतोवर पाणी मिलमागच्या खड्ड्यात साचे. झाकण उघडलं की सारं पाणी बोडीत.

आणि बोडीत शकुनबाई होती.

शकुनबाईचा नवरा गेला त्याला बराच काळ झाला होता. बोडीतला शिंगाडा तिचा. पालथ्या मडक्यांवर फळी बांधायची, तिच्यावर बसायचं आणि हातांनी पाणी सारत वेलीतून फिरायचं. पान उलटायचं, काटेरी शिंगाडा देठापासून अलगद खुडायचा. तिची बोटं काट्यांनी नेहमी भोकं पडलेली. तरी ती गात असे. मोहाच्या झाडाखालून मला तिचा आवाज ऐकू येई:

*बोडीच्या पाण्यावर पान पानाले लागलं,*
*शिंगाड्याच्या काट्यानं माहं बोट जागलं.*

त्या शिंगाड्यावर तिचं आणि तिच्या म्हाताऱ्या सासूचं घर चालत होतं. दुसरं काही नव्हतं. नळीचं झाकण उघडलं की शिंगाडा सडणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती रोज फळीवरून जाताना त्या झाकणाकडे बघायची, जसं दाराशी बसलेल्या परक्या कुत्र्याकडे बघावं.

शाळेत तेव्हा श्यामराव मास्तर विज्ञान शिकवत. उंच माणूस, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. ते एके दिवशी शाळेमागे आले, मला उचललं, आतली पाल हाकलली आणि म्हणाले, "झिरपतोस? मग तूच पाहिजे."

मला वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतो आहे.

पण त्यांनी माझी चीर मेणाने बुजवली. मग बोडीच्या तळातला काळा, घट्ट गाळ आणून माझ्या पोटात भरला. संपलेले टॉर्चचे सेल फोडून त्यांतल्या काळ्या कांड्या काढल्या. काही कांड्यांची जुडी गाळात खोल पुरली, काहींची जुडी वर पाण्यात ठेवली. दोन्ही जुड्यांना तारा जोडल्या. आणि मिलच्या खड्ड्यातलं आंबट पाणी माझ्यात ओतलं.

मास्तर पोरांना सांगत होते, तेव्हा मीही ऐकलं. गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. बारीक, असंख्य. कुजकं, आंबट, टाकलेलं हीच त्यांची पंगत. जेवता जेवता ते विजेचे कण सोडतात. खालच्या कांड्या ते कण गोळा करतात, तारेतून ते वरच्या कांड्यांकडे धावतात. ती धाव म्हणजे वीज. फार थोडी. मुंगीच्या पाठीवर मावेल एवढी.

मित्रांनो, इतकी वर्षं मी गार पाणी दिलं, पण माझ्या आत कोणी राहत नव्हतं. आता माझ्या आत एक गाव होतं.

माझ्या एकट्याच्या बळाने काही हललं नसतं. म्हणून मास्तरांनी धनीरामकडून आणखी माठ आणले, साऱ्यांत तसाच गाळ भरला आणि पडवीत कोरड्या फळीवर आम्हाला ओळीने बसवलं. एकमेकांना अंग लागू द्यायचं नाही, फक्त तारेने हात धरायचा. शेवटची तार भिंतीवरच्या घड्याळाला. सेलवर चालणारं ते घड्याळ मास्तरांनी नागपूरहून आणलं होतं, पण त्यात सेल घातलाच नाही.

पहिले काही दिवस काटा मेल्यासारखा पडून होता. मग एका दुपारी तो थरथरला. पुन्हा थरथरला. आणि टिक टिक चालू लागला. पोरं ओरडली. शाळेशेजारच्या मंदाबाईने पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, "माय वो! चिखलाले जीव फुटला!"

त्याच आठवड्यात पाण्याच्या प्रश्नावर गाव पडवीत जमलं. मिलचा खड्डा भरत आला होता. गोपीचंद शेठ पांढऱ्या धोतरात आले, खुर्चीवर बसले, आणि आमच्याकडे बघून हसले.

"मास्तर, ह्या सडक्या पाण्यावर घड्याळ चालवून राहिले म्हणता?"

"चालते ना शेठजी. पाहा."

"आज चालते. उद्या?"

शकुनबाई मागे उभी होती. ती पुढे आली. "शेठजी, ज्या पाण्यानं घड्याळ चालते ते पाणी फेकाचं काहून? खड्ड्यातच राहू द्या. मोठा करा खड्डा. माही बोडी काहून नासवता जी?"

शेठ वाईट माणूस नव्हते. पण सगळ्यांसमोर एका बाईने विचारलेलं त्यांना लागलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"ठीक है. साऱ्या गावासमोर बोलतो. जोवर हे घड्याळ चालते, तोवर माह्या मिलचं पाणी खड्ड्यात. ज्या दिवशी बंद पडलं, त्या दिवशी नळी खुली. मग कोणी माह्या दारात रडत याचं नाही. बोली म्हणजे बोली."

"बोली," शकुनबाई म्हणाली.

लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "मडक्याच्या भरवशावर बोडी ठेवली बाप्पा ह्या बाईनं!"

त्या दिवसापासून आमचं खाणंपिणं शकुनबाईने आपल्याकडे घेतलं. रोज संध्याकाळी ती मिलच्या खड्ड्यावरून लोटीभर आंबट पाणी आणायची आणि एकेकाला थोडं थोडं पाजायची. नाकाला पदर, पण हात हळुवार. मंदाबाई तिला चिडवायची.

"काय वो शकुनबाई, माठाले पेज पाजून राहिली? कोणाचं लेकरू होय हे?"

"माह्या बोडीचं."

"मग पाळण्यात टाक ना माय! अंगाई म्हण!"

"तू म्हण. तुह्या आवाजानं ते जागंच राहील."

दोघी हसायच्या. मला त्या हसण्याची सवय झाली. पावसाळाभर आम्ही चाललो, मिलही धिमी चालली, बोडी भरली, शिंगाड्याचे वेल पसरले. माझी जुनी चीर मधूनमधून पुन्हा पाझरायची. मग मास्तर मला ओळीतून बाहेर काढत, दोन्ही शेजाऱ्यांच्या तारा एकमेकींना जोडत, मेण लावत आणि मला परत ओळीत बसवत. शकुनबाई ते लक्ष देऊन बघायची. पण गाळाला मास्तर कधी हात लावत नसत. तो का बदलायचा नाही, हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढ्या वासाच्या चिखलात आपण होऊन कोण हात घालेल, असं त्यांना वाटलं असणार.

नवरात्र आलं. हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला होता, मिलवर पोती येऊ लागली होती. शाळेला सुटी लागली. मास्तर पवनीकडे कोंढ्याला आपल्या बहिणीकडे गेले. जाताना शकुनबाईला म्हणाले, "पाणी पाजत राहा, बस."

घटस्थापनेच्या दिवशी बाया पडवीत जमल्या. मंदाबाई होती, आणखी काही जणी होत्या. गोपीचंद शेठच्या घरच्या ललिताबाईही फुलांची परडी घेऊन आल्या होत्या. नवऱ्याच्या बोलीशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. देवीचं काम होतं.

शकुनबाई आमच्यासमोर बसली.

"ज्यांनं आपली बोडी राखली," ती म्हणाली, "ते घाणीत बसून राह्यले. वर्षाचा सण आला. आपण आंगण सारवतो, बैलाले धुतो, आणि याहिले असंच ठेवाचं?"

"मंग काय कराचं?" मंदाबाईने विचारलं.

"घट बसवू. इथंच, याहिच्यातच."

बाकीच्यांना ते पटलं. मला भीती वाटली. पण माठाला भीती वाटली तरी तो काय करणार?

त्यांनी तारांना जराही धक्का लागू दिला नाही. कांड्या धुऊन पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. मास्तर हे जपतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण गाळ? गाळ त्यांनी पडवीमागे उकिरड्यावर ओतला. माठ राखेने घासले, आत चुना फिरवला, निर्मळ विहिरीच्या पाण्याने विसळले. वारुळाची पवित्र माती चाळून आणली, तिच्यात ओंजळ ओंजळ हळद कालवली आणि माठांत भरली. ललिताबाईंनी गहू पेरले.

"माती बदलली तर घड्याळाचं?" मंदाबाईने एकदा विचारलं.

"मातीले काय, माती ती मातीच," शकुनबाई म्हणाली. "ते तर नासकी होती. हे तर वारुळाची."

मग त्यांचा हात माझ्यापाशी आला. ललिताबाई थांबल्या. "हा नको. ह्याचं एक अंग काळं आहे. डागी माठ घटाला चालत नाही."

शकुनबाईला वाईट वाटलं. तिने माझ्या काळ्या अंगावरून हात फिरवला. पण रीत ती रीत. तिने मला तारांतून सोडवलं, मास्तरांसारख्या शेजाऱ्यांच्या तारा जोडून दिल्या आणि मला तसाच, माझ्या चिखलासकट, पडवीच्या मागच्या भिंतीशी ठेवलं. "तुले सवडीनं धुतो, काळ्या," ती म्हणाली.

तिला सवड झाली नाही. देवाने त्या दिवशी माझ्यावर कृपा केली ती काळेपणाच्या रूपाने.

माझे भाऊ झेंडूच्या माळांत किती सुंदर दिसत होते! आणि आत किती शांत. असंख्य जिवांचं ते गाव ज्या घरात जेवत होतं, तिथे आता नुसती धूप आणि हळद. पहाटेपर्यंत घड्याळाचा काटा कसाबसा चढला. सकाळी आरतीच्या वेळी तो थांबला.

बायांना आधी काही समजलं नाही. कोणी तार हलवून पाहिली, कोणी पाणी घातलं. शकुनबाईने धावत जाऊन खड्ड्याचं आंबट पाणी आणलं आणि ओतलं. जेवायलाच कोणी नव्हतं, तर वाढून काय होणार?

शेठ दुपारी आले. घड्याळाकडे पाहिलं, आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"बंद," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण मागे फिरणंही नव्हतं. "खड्डा काठोकाठ भरला आहे. मिल सुरू झाली आहे. बोली म्हणजे बोली, शकुनबाई."

संध्याकाळी झाकण उघडलं.

ते पाणी बोडीत शिरलं ते मी पाहिलं नाही, पण वास माझ्यापर्यंत आला. माझ्याच जेवणाचा वास. ते पाणी माझ्या पोटात असतं तोवर अन्न, बोडीत गेलं की विष. एकच पाणी, मित्रांनो. कुठे ठेवलं यावर सारं.

दोन दिवसांत मासे तोंडं वर काढून हवा गिळू लागले. नळीच्या बाजूची शिंगाड्याची पानं काळी पडली. शकुनबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून सडलेले वेल तोडत होती, म्हणजे सड पुढे जाऊ नये. ती गात नव्हती. मंदाबाई काठावरून म्हणाली, "चाल वो घरी. काहून रडतं?"

"रडत नाही. मीच धुतली ना माय. माह्याच हातानं."

मास्तरांना कोंढ्याला निरोप पोचला. ते बसने आले आणि थेट पडवीत गेले. झेंडू बाजूला सारून त्यांनी एका माठात बोट घातलं, वास घेतला. कसलाच वास नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही घर नाही धुतलं. घरातली माणसं धुऊन टाकली."

शकुनबाई भिंतीशी उभी होती. "मास्तरजी, देवाची हळद होती."

"हळद जखमेवर कशाला लावतो आपण? त्यात किडा पडू नये म्हणून. इथे तर किडेच चालवत होते घड्याळ." मग त्यांनी चष्मा काढला. "चूक माझी आहे. मी सांगायला पाहिजे होतं."

मग शकुनबाईने विचारलं, "दही संपलं आणि विरजण उरलं, तर पुन्हा लागते ना?"

"लागते. पण विरजण कुठे आहे? तुम्ही तर सारा गाळ उकिरड्यावर टाकला. उन्हात वाळून गेला."

"एक राह्यला आहे. काळा."

त्या दोघांनी मला भिंतीमागून काढलं. मास्तरांनी माझ्यावर वाकून श्वास घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. मग ते हसू लागले. "मारतो आहे! अजून वास मारतो आहे!" माझ्या दुर्गंधीवर कोणी इतकं खुश होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

शकुनबाईने माझ्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. बोडीचा ताजा काळा गाळ आणून माठ भरले आणि प्रत्येकात माझ्यातला एक एक गोळा मिसळला, जसं कोमट दुधात विरजण घालावं. हळदीची ती माती आणि तीत उगवलेले कोवळे गहू मात्र त्यांनी फेकले नाहीत. घटाची माती दसऱ्यालाच बोडीत जाते. त्यांनी ती टोपल्यांत जपून ठेवली.

मग वाट बघणं. शकुनबाई दिवसा वेल तोडायची, संध्याकाळी आम्हाला पाजायची. दसऱ्याच्या आदल्या दुपारी काटा थरथरला. ती तशीच ओल्या लुगड्याने शेठच्या दारात गेली.

"शेठजी, चालून राहिलं घड्याळ."

"एकदा बंद पडलं ते पडलं. मी काय रोज झाकण उघडू-लावू? बोलीत असं काही नव्हतं." आणि मग हळू आवाजात, "माह्याही भरवशावर मजुरांची घरं आहेत, बाई. मिल बंद नाही ठेवता येत."

ती परत आली. पडवीत माझ्यासमोर बसली. माझ्या पोटाचा घेर तिने हातांनी मापला, मग डोळे मिटून दुसऱ्याच कशाचा तरी घेर आठवला.

"तुह्यावर एक काम आहे, काळ्या," ती म्हणाली. "तू आपलं विरजण देऊन टाकलं. माह्या अंगानं ते पाणी अडत नाही. आता तू माहं अंग हो."

दसऱ्याच्या दिवशी सारं गाव घट विसर्जनाला बोडीवर आलं. बायांच्या डोक्यावर हळदीच्या मातीच्या टोपल्या, त्यांत पिवळे गव्हाचे कोंब. शकुनबाईच्या डोक्यावर मी. आत माझा काळा, कुजका, जिवंत चिखल. बाहेरून मात्र तिने मला हळदीने असं माखलं होतं की काळं अंग कुठलं आणि लाल कुठलं, ओळखू येईना. वर कुंकवाची बोटं. हळद बाहेर लावायची असते, आत नाही. तिने आता ते कायमचं शिकून घेतलं होतं.

ती सगळ्यांच्या पुढे पाण्यात उतरली आणि नळीपाशी गेली. आंबट पाणी भळाभळा येत होतं. तिने मला बुडाकडून नळीत घातलं आणि सारा भार देऊन दाबलं. मी रुतलो. बाजूने पाणी फवारलं. मग मंदाबाई पुढे आली, तिने आपली घटाची माती माझ्या कडेने लिंपली. मग दुसरी. मग तिसरी. कोंबांसकट, हळदीसकट. बाया ओळीने येत होत्या आणि पाणी कमी कमी होत होतं.

थोड्याच वेळात मिलच्या अंगणात पाणी उलटलं. शेठ काठी घेऊन आले, मागे मजूर.

"काढा ते मडकं!"

मजुरांनी मला पाहिलं. चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. त्यांतला एक म्हणाला, "मालक, घट आहे. आमचा हात नाही उठत जी."

शेठ स्वतः पुढे आले. काठी उचलली. आणि बायांच्या ओळीतून ललिताबाई पुढे झाल्या. त्यांच्या टोपलीत अजून माती होती.

"हे गहू मी पेरलेत," त्या म्हणाल्या. "आधी मला ढकला, मग घट काढा."

"अहो, चिखल आहे तो आत! वास मारतो!"

"आत काय आहे ते देवी बघेल." त्यांनी आपली माती माझ्या मानेशी लिंपली आणि ओल्या हाताने काठी बाजूला केली. "खड्डा मोठा करा. जागा आपली आहे."

शेठनी बोडीकडे पाहिलं. अर्धे वेल काळे, अर्धे हिरवे. मग त्यांनी काठी टेकली. पुढच्या आठवड्यात खड्डा खणला गेला. त्या वर्षी शकुनबाईच्या हाती अर्धाच शिंगाडा लागला. पण वेल जिवंत राहिला.

त्यानंतर वर्षं गेली, मित्रांनो. मास्तरांची बदली झाली. पडवीतल्या घड्याळात कोणीतरी बाजारचा सेल घातला आणि माझे भाऊ एकेक करून फुटले. माझ्याभोवतीची माती घट्ट झाली, तीत गवताची मुळं शिरली. धनीरामही गेला. मिलचा खड्डा दर पावसाळ्यात भरतो आणि मग ते पाणी माझ्या पाठीवर टेकतं. माझ्या आतले जीव अजून जेवतात आणि अजून विजेचे कण सोडतात. आता त्यांना गोळा करायला तार नाही. ते कण कुठे जातात, मला ठाऊक नाही. कदाचित शिंगाड्याच्या फुलांत.

शकुनबाई दर दसऱ्याला यायची. बाहेरून हळदीचा हात लावायची, आत ओंजळभर शिळी पेज ओतायची आणि पुटपुटायची:

*बाहेरून हळद बाई, आत चिखलाचा ठेवा,*
*माह्या काळ्या माठाले कोणी धुवू नका, देवा.*

यंदा ती आली नाही. मंदाबाई काठावरून कोणाला तरी सांगत होती की तिचे गुडघे आता पाण्यात उतरू देत नाहीत. माझी जुनी चीरही रुंदावते आहे. मी किती दिवस पुरेन, सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागतो. बोडीवर आलात आणि नळीच्या तोंडाशी एक घाणेरडा माठ दिसला, तर त्याला काढून घासू नका. ज्या काळ्या, वास मारणाऱ्या गोष्टी आत काहीतरी जगवत असतात, त्यांना सणासाठी धुऊन टाकू नका. घरी उरलेली शिळी पेज आणा, ओंजळभरच, आणि माझ्या तोंडात ओता. हळद लावायचीच असेल, तर बाहेरून लावा. आणि परत जाताना शकुनबाईच्या दारावरून जा, तिला म्हणा, काळा अजून बसला आहे.

बोडीत पानं वाऱ्याने उलटत आहेत. पाठीवर पाणी वाढतं आहे. मी धरून आहे.